सासूबाईंची पिल्लं

"कापायला कधी येतील?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला तिने फाटकातूनच वाटेला लावलं. मेल्याला पिल्लं हवीत की रस्सा!

काळ्या डुकरांचा हा जुना, अस्सल वाण. घ्यावीत तर यांच्याकडूनच, असं नाव नवऱ्याने लांबवर कमावलं, आणि गेल्या थंडीत साध्या तापाचं निमित्त होऊन तो गेला. तिला एकटीला आता हा पसारा झेपेना. पण पिल्लं जाणत्या हातातच द्यायची, हे त्याचं शेवटचं मागणं.

पिल्लांची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो गेल्यापासून तिचं अन्नावरचं मनच उडालं होतं. तिचं नाव सासूबाई. "मी पोरका, तुला सासू कुठून आणू? घे, हीच!" असं म्हणून त्यानेच थट्टेत ठेवलेलं.

दुपारी एक म्हातारा आला. कडक इस्त्रीचे कपडे, नवे बूट. डुकरं घ्यायला आलाय की लग्नाला, तिला कळेना.

"मालक?"

"माझ्याशीच बोला."

म्हातारा ओशाळला. "नाव ऐकून लांबून आलोय. सगळी पिल्लं नेईन म्हणतो." बोलता बोलता त्याची नजर सारखी घराच्या दाराकडे जात होती.

"वाणाची खूण काय?" तिने परीक्षा घेतली.

"मागचा डावा खूर पांढरा. आणि जात मानी. एकदा दुखावली की मागे वळून बघत नाही."

त्याचा आवाज कातर झाला. डुकरांवर एवढा जीव टाकणारा दुसरा माणूस तिने पाहिला नव्हता. हाच जाणता हात, तिने मनाशी ठरवलं.

"ही खात नाही वाटतं?" म्हणत तो इस्त्रीच्या कपड्यांनिशी चिखलात उकिडवा बसला आणि टाळूला जीभ लावून टक्-टक्, टक् असा आवाज केला.

ही नवऱ्याची हाक. तिला कधी जमली नव्हती. सासूबाई धडपडत उठल्या, आल्या आणि त्यांनी टोपल्यात तोंड घातलं. तिने पाठ फिरवून डोळे पुसले.

"ही हाक कुठे शिकलात?"

"शिकलो नाही, शिकवली. एकाच पोराला." म्हातारा गुडघ्यांवर हात टेकत उठला. "पिल्लांचं नुसतं निमित्त गं, सूनबाई. आत जाऊन सांग त्याला, बाप माफी मागायला आलाय."