ट्रॉलीच्या पाठीवरची अक्षरं

बुद्धभूषणने संगणकावर चित्राखालच्या वाक्याला अक्षरांचा आणखी एक टाइप लावला आणि ते मोठ्यानं वाचलं.

'दादा, मी पुढं होतो. तू ये सावकाश.'

छे. आधीचा टाइप लग्नपत्रिकेसारखा गोड बोलत होता, हा बँकेची नोटीस वाचत होता. दीप असा कधी बोलला नाही.

चित्रकथा दोघा भावांची होती. थोरल्यानं चित्रं काढायची, धाकट्यानं अक्षरं घालायची, हे शेळगावच्या शाळेतल्या भित्तिपत्रकापासून ठरलेलं. पुढे थोरला भूषण बारामतीला चित्रकलेचा मास्तर झाला आणि धाकटा धम्मदीप आसपासच्या ट्रॉल्यांच्या पाठी रंगवू लागला. मागच्या हंगामात, दिवस मावळताना, इंदापूरच्या बाजारातून येताना पंक्चर होऊन उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल मागून आदळली, आणि तो जागीच गेला. ती ट्रॉलीही त्यानंच रंगवलेली होती. बाजारातून निघताना तो भूषणला जे म्हणाला, तेच हे वाक्य.

पुण्याच्या प्रकाशकाला आज शेवटचं पान हवं होतं. दीपची अक्षरं तर हंगामात रस्तोरस्ती हिंडायची, पण उसाची ट्रॉली दिसली की भूषण मान फिरवायचा. म्हणून ही दुधाची तहान ताकावर भागवणं चाललं होतं, आणि भागत नव्हती. भावाचा आवाजच आपण विसरलो की काय, या भीतीनं त्यानं तो टाइपही पुसून टाकला.

बाहेर ट्रॅक्टर थांबला. वरकुट्याचे सर्जेराव. मागं रिकामी ट्रॉली. तीच.

दीप असताना हा माणूस सरळ चुलीपाशी येऊन चहा मागायचा. आज रस्त्यावरच उभा राहिला. या वस्तीत लोक घरात यायचे नाहीत, त्याचं कारण फार पूर्वी जात असायची. सर्जेरावांचं कारण निराळं होतं.

"आत या की, तात्या."

"नको. उद्यापास्नं ऊस चालू हुतोय, भूषण. ही पाठ तेवढी पुसून दे. दुसऱ्या पेंटरकडं गेलो हुतो, पर तोंडातनं शब्द फुटंना."

भूषण मागच्या बाजूला गेला. या वेळी मान फिरवता येणार नव्हती. वर या कडेपासून त्या कडेपर्यंत 'राजेश्वरी', सर्जेरावांच्या लेकीचं नाव. खाली 'भेटू पुन्हा'. कोपऱ्यात बारीक 'दीप आर्ट, शेळगाव'. सगळी अक्षरं जराशी पुढं झुकलेली, दीप चालायचा तशी. खालच्या ओळीपाशी पत्रा आत गेला होता. भूषणने तिथं हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

मग त्याला दोन्ही कडांची अक्षरं खटकली. मधली ऐसपैस, कडेची मागून कोंबल्यासारखी. त्यांच्या रंगाखाली दोन गोल पुसट दिसत होते.

"रिफ्लेक्टरची जागा सोडली हुती त्यानं," सर्जेराव म्हणाले. "मीच म्हणलो, पोरीचं नाव बारकं दिसतंय, कडंपतुर घे. त्यो न्हाय म्हणत हुता. मी ऐकलं न्हाय."

भूषणला वाटलं, याची गचांडी धरावी. हात उचललाही गेला. पण सर्जेराव मागं सरकले नाहीत. ते रडत नव्हते, माफीही मागत नव्हते. कोणीतरी धरावी म्हणूनच आल्यासारखे उभे होते.

हात खाली आला. भूषण आत जाऊन बटर पेपर घेऊन आला. पाठीवर चिकटवून एकेक अक्षर पेन्सिलीनं उतरवू लागला. पत्रा आत गेला होता तिथं पेन्सिल कागदातून आरपार गेली. तो थोडा थांबला, मग पुढचं अक्षर घेतलं.

उतरवून झाल्यावर त्यानं दीपचा रंगाचा डबा काढला. दोन लाल रिफ्लेक्टर तळाशी तसेच पडून होते, याच ट्रॉलीसाठी आणलेले. त्यानं ते दोन्ही गोलांवर चिकटवले. नावाची दोन्ही टोकं त्यांच्याखाली गेली.

"आन् बाकीचं?" सर्जेरावांनी विचारलं.

"बाकीचं त्याचं हाय, तात्या. मला न्हाय पुसवत."

चिकटवलेलं सुकेपर्यंत थांबायचं होतं, सर्जेराव चाकाला टेकून उभे राहिले. भूषण टेबलाशी येऊन बसला. उतरवलेल्या अक्षरांवरून त्यानं ब्रशनं वाक्य मांडायला घेतलं. पाठीवर नव्हती ती अक्षरं बाकीच्यांच्या वळणावर बसवली. वेलांटी दीप ऐटीत मागं टाकायचा, खांद्यावर मफलर टाकावा तशी. हाताला ते आपसूक आठवलं. 'सावकाश' लिहिताना त्याला दीपचा आवाज ऐकू आला, इतका जवळून की तो पुरता घाबरला.

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. खिडकीतून ट्रॉली पुढं पुढं जाताना दिसत राहिली. दिवस मावळला होता. मागून आलेल्या जीपच्या उजेडात दोन्ही कडांचे लाल गोल पेटले, आणि त्यांच्या खाली भावाची अक्षरं वळणापर्यंत वाचता आली.

आई चहाचे दोन कप घेऊन आली.

"गेलं व्हय सर्जेराव? म्हणलं, तितं उभ्यानं तरी घेतील घोटभर."

बोलता बोलता तिची नजर टेबलावर गेली. ओल्या शाईतलं वाक्य तिनं वाचलं नाही, नुसती अक्षरं पाहिली.

"दीप येऊन गेला?" ती म्हणाली. "आन् मला हाक बी न्हाय मारली?"

आपण काय बोललो ते तिच्याच ध्यानात आलं. तिनं त्याचा कप त्याच्या हातात दिला. सर्जेरावांसाठी आणलेला कप कागदाशेजारी ठेवला, निवू नये म्हणून वर बशी झाकली आणि आत गेली.