दरवाजा बिघडवण्याचं काम

"बिघडवायचा?" सुतारानं विचारलं.

"हो. होता तसा," सून म्हणाली. "आणि जरा लवकर. बाबा सकाळपासून बाहेर बसलेत."

सुतारानं दरवाज्याकडे पाहिलं. चारच दिवसांपूर्वी त्यानंच तो दुरुस्त केला होता. वरच्या बिजागरीची भोकं सैल झाली होती, त्यांत काडेपेटीच्या काड्या ठोकून स्क्रू घट्ट बसवले होते. खालची कड रंध्यानं तासली होती. आता दरवाजा एका बोटानं उघडत होता. त्या दिवशी निघताना सुतारानं तो सातआठ वेळा उघडून पाहिला होता, नुसता आनंद म्हणून.

"वहिनी, बत्तीस वर्षं झाली मला या धंद्यात," तो म्हणाला. "काम बिघडलं म्हणून लोक परत बोलावतात. बिघडलं नाही म्हणून आजवर कुणी बोलावलं नव्हतं."

बाहेर पायरीवर बाबा, म्हणजे तिचे सासरे, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. बाबा हल्ली विसरायचे. तारखा, चष्मा, जेवण झालं की नाही ते. माणसं मात्र पक्की लक्षात होती आणि घर तर त्याहून पक्कं. आठ दिवस ते लेकीकडे राहायला गेले, तेवढ्यात मुलानं आणि सुनेनं या जुन्या घराची सगळी कामं उरकून घेतली. बाबा कुठं धडपडू नयेत, एवढाच हेतू. मोरीतला नळ बंद करायला उलटा फिरवावा लागे, तो बदलला. दिव्याचं बटण खाली केलं की दिवा जाई, ते सुलटं केलं. आणि हा दरवाजा. हँडल धरून आधी वर उचलायचा, मग गुडघ्यानं रेटायचा, मग खांदा द्यायचा, तेव्हा कुठं उघडणार. 'येत्या रविवारी बघतो याच्याकडे,' असं बाबा एकतीस वर्षं म्हणत होते. सासूबाई गेल्या, तरी तो रविवार काही उजाडला नव्हता.

आज सकाळी बाबा परत आले. हँडल धरून उचललं, गुडघा लावला, खांदा दिला. दरवाजा सुळकन उघडला आणि बाबा थेट आत जाऊन सोफ्यावर बसले. लागलं काहीच नाही. त्यांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग उठले, "माफ करा हं, घर चुकलं," असं सोफ्याला सांगितलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

तेव्हापासून ते तिथंच होते. सून पाणी घेऊन गेली, तर हळूच म्हणाले, "सूनबाई, लोकांच्या दारात किती वेळ बसायचं? काही रीत आहे की नाही? चला, आपल्या घरी जाऊ."

मुलानं आईचा फोटो भिंतीवरून काढून बाहेर आणून दाखवला. बाबा जास्तच घाबरले. "होता तिथं ठेवून ये आधी. चोरी केली म्हणतील." जेवायला आत येईनात. "आपल्याला कुठं बोलावलंय?" ऊन उतरलं की आपण आपलं घर शोधायला निघणार, असं त्यांनी मुलाला बजावून ठेवलं होतं. चारला ऊन उतरायचं. सुतार आला तेव्हा तीन वाजले होते.

त्यानं वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू काढले. दरवाजा खाली बसला आणि उघडेचना.

"एवढा नाही," सून म्हणाली. "उघडायचा, पण कुरकुर करून."

सुतारानं एक स्क्रू परत लावला. आता तो नुसत्या हातानं उघडला.

"छे! गुडघ्याला काही कामच उरलं नाही."

"वहिनी, दुरुस्तीचं एक माप असतं," सुतार घाम पुसत म्हणाला. "बिघाडाला कुठलं माप घेऊ?"

तरी आता तोही इरेला पेटला होता. खाली तासलेल्या जागी त्यानं लाकडाची पट्टी ठोकली. सुनेनं उचलून, रेटून, खांदा देऊन पाहिलं. उघडला, पण गुपचूप. "शेवटी खर्र असा आवाज यायचा," ती म्हणाली. सुतारानं डोळे मिटून तिच्याकडून तो आवाज तीनदा काढून घेतला. मग पट्टीत एक खिळा अर्धवट ठेवला.

"झालं. पण गॅरंटी देत नाही हं," तो म्हणाला. "आपोआप सुधारला तर मला बोलायचं नाही."

सुनेनं आतून दरवाजा लावून घेतला. चारला दहा कमी होते. बाहेर बाबा पिशवी घेऊन उभेही राहिले होते.

"बाबा," मुलगा म्हणाला, "दरवाजा उघडत नाहीये."

बाबांनी वळून पाहिलं. मुलगा हँडल धरून नुसताच ढकलत होता.

"सरक," बाबा म्हणाले. "तुला कधी जमलंय?"

उचललं. गुडघा. खांदा.

खर्र.

बाबा आत आले. न बघता पिशवी खुंटीला अडकवली. सोफ्यावर टेकले आणि पाय लांब केले. कोपऱ्यात हातोडी धरून एक अनोळखी माणूस उभा होता, त्याच्याकडे बघून बाबा घरच्या यजमानासारखे ओशाळून हसले.

"बसा ना. आत येताना त्रास झाला असेल तुम्हाला. येत्या रविवारी बघतो याच्याकडे."