पूजेबाहेरचं पुस्तक

खंडेनवमीच्या सकाळी सुमतीबाईंनी पाटावर विळी, मिक्सर, पाना आणि मुलाचा लॅपटॉप मांडला. शेजारी नात श्रियाची पुस्तकं.

"इंग्रजीचं कुठंय गं?"

"ते राहू दे आई," सून आसावरी म्हणाली. "दसरा झाला की लगेच तिची तोंडी परीक्षा आहे. मागच्या खेपेला वर्गापुढे नुसती उभी राहिलेली. अक्षर नाही फुटलं तोंडातून."

"अगं, पूजेतलं पुस्तक आज उघडायचं नसतं."

"म्हणून तर नाही ठेवत."

गॅलरीत दहा वर्षांची श्रिया आसावरीसमोर मांडी घालून बसली होती. धडा रोबोंच्या इतिहासाचा. 'रोबो' हा शब्दच म्हणे वेठबिगारीवरून आलेला. वाक्यं सगळी पॅसिव्ह व्हॉइसमधली, त्यांत रोबो स्वतः काही करतच नव्हते. त्यांना बनवलं जायचं, विकलं जायचं, हुकूम दिले जायचे. आसावरीने लिहून दिलेली उत्तरं श्रियाने घडाघडा म्हटली. शेवटचं होतं, "रोबोज डोन्ट माइंड बीइंग टोल्ड व्हॉट टु डू." म्हणजे, काय करायचं ते दुसऱ्याने सांगितलं तरी रोबोंना त्याचं काही वाटत नाही. श्वाससुद्धा आसावरी घेते तिथेच घेतला.

"शाब्बास! आता एक वाक्य स्वतःचं. टीचर ते विचारणारच."

श्रिया आईच्या ओठांकडे बघत राहिली. "तू सांग ना."

"मी कसं सांगू? तुझं स्वतःचं पाहिजे."

"हो, पण ते काय आहे?"

आसावरीने हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं. मागे तिने पेन्सिलीने एक वाक्य लिहून ठेवलं होतं, अगदीच अडली तर म्हणून. तिने ते अंगठ्याखाली झाकलं.

"श्रिये, हळदकुंकू लाव गं सगळ्यांना," आतून आजीची हाक आली.

श्रिया उठली. मिक्सरला लावलं, विळीला लावलं, लॅपटॉपला जपून कोपऱ्यात. मग थांबली.

"आजी, ज्याला लावलं त्याला आज कामाला नाही ना लावायचं?"

"छे! आज त्यांची सुट्टी."

श्रियाने बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि स्वतःच्या उजव्या हाताच्या पाठीवर टेकवलं.

"अगं, हे काय!" सुमतीबाई हसल्या.

श्रिया हसली नाही. करंडा घेऊन ती गॅलरीत आली, आईसमोर उभी राहिली.

"तू पण हात पुढे कर."

हात पुढे करायचा, तर पुस्तक खाली ठेवावं लागणार होतं.