निरोगी लाकूड

हॉटप्लेटवरचे तुकडे काळे पडत आले, तरी वास चुलीत घातलेल्या सरपणाचाच येत होता.

श्रुतिकाला हे पिशवी उघडली तेव्हाच कळलं होतं. अगरूचं लाकूड वास देणारं असलं की काळपट आणि जड असतं. हे पांढरंफटक होतं. पण हे सासूला सांगायचं कसं? विज्ञानाला सासू नसते.

शेवंतीबाई लॅबमधल्या स्टुलावर बसल्या होत्या. गळ्यात व्हिजिटरचा पास, डोळे मिटलेले. उद्या सहदेवचं, श्रुतिकाच्या नवऱ्याचं, वर्षश्राद्ध. त्याने गावी लावलेल्या पाच अगरूंपैकी एक त्यांनी त्यासाठी तोडून घेतलं होतं आणि एसटीने विक्रोळीला सुनेकडे आणलं होतं. मुलाच्या फोटोपुढे त्याच्याच झाडाचा धूप जळावा, एवढंच त्यांना हवं होतं.

"इलो काय गो वास?"

"थांबा आई, अजून तापू दे."

बाजूच्या टेबलावरचा नेव्हिल जवळ येऊन हळूच म्हणाला, "यार, आपल्या आसामच्या मालातला एक तुकडा टाक ना. त्यांना काय कळणार?"

तिने टाकला. नवरा जाऊन वर्ष झालेल्या बाईला एवढं खोटं माफ असावं. तुकडा तापला, त्यातली राळ वितळली, आणि थंड असताना गप्प असलेला वास एकदम मोकळा झाला. गोडसर, कडवट, खोल. शेवंतीबाईंनी डोळे उघडले नाहीत, पण गालांवरून पाणी वाहायला लागलं.

"सहदेव सांगी होतो माका. आये, एक दिस ह्येका वास येतलो म्हणान." त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला. "गावाक मधूक फोन करतंय. उरलेली चारय तोडून ठेव म्हणान सांगतंय. दर वर्साक लागतली."

श्रुतिकाने त्यांचा हात धरला.

"आई, नका. हा वास त्याच्या झाडाचा नाही. आमच्या बरणीतला आहे. मीच टाकला."

शेवंतीबाई प्लेटकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मगे, त्येचो वास कसो?"

"त्याला वास नाही, आई. झाडाला जखम झाली, आत बुरशी शिरली, की ते स्वतःला वाचवायला राळ तयार करतं. ती राळ तापली की त्यातली रसायनं फुटून हवेत सुटतात. तोच हा वास. म्हणून लोक मुद्दाम भोकं पाडून आत बुरशी सोडतात. सहदेवने ड्रिल नेलं होतं गावी. झाडाला लावायचा धीरच झाला नाही त्याला. तसंच परत आणलं."

"म्हणजे ह्येका कायच झालां नव्हतां?"

"नाही. निरोगी होतं."

लॅबमध्ये या शब्दाचा अर्थ टाकाऊ असा होतो. रोज बोलायची ती सहज. आज मात्र बोलता बोलता तिला रडू फुटलं.

शेवंतीबाईंनी पिशवीतला एक पांढरा तुकडा उचलून मांडीवर घेतला. "माज्या झिलान लायलेलां बरां झाड," त्या म्हणाल्या. "मी तोडलंय."

नेव्हिलने हॉटप्लेट बंद केली आणि तो बाहेर निघून गेला.

मग शेवंतीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मधूला फोन लावलाच.

"मधू, सहदेवाच्या झाडांकडे कोणाक कुराड घेवन जावक देव नको. होय रे, चारय. वास नसलो तर नसलो. उभी रवांदेत."