कासवावर बंदी नाही

तीन डेकची यादी शुक्रवारी सहाच्या आत भरायची होती. पाच वाजले तरी तिसरी जागा रिकामीच होती.

"कासव घालू का?" तिने विचारलं.

नवरा नुकताच बेकरीतून आला होता. कोपरापर्यंत पीठ होतं. "मला काय विचारतेस? मला राजा आणि गुलाम यांतला फरक कळतो, बास."

डेक म्हणजे तीस पत्त्यांचा संच. फोनवरच्या या खेळात स्पर्धेसाठी असे तीन संच द्यावे लागतात. समोरचा त्यातल्या एकावर बंदी घालतो आणि उरलेल्या दोन संचांनिशी लढायचं. एकदा यादी दिली की बदल नाही. कापडाला कात्री लावण्यासारखंच ते, आणि कात्री तिच्या हातातली होती. चौकातल्या दुकानात ती वीस वर्षं लोकांचे कपडे उसवून, आत घेऊन देत होती.

कासव मुलाने बनवलेलं. आधी मुकाट मार खायचा आणि अगदी शेवटी उठायचं, असा तो डेक. "हा घेऊन स्पर्धेत जाणारा एक तर वेडा असेल, नाही तर मी," असं तो म्हणायचा. त्याला जाऊन पंधरा महिने झाले होते. साधा ताप म्हणता म्हणता तीन दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. एकोणीस वर्षांचा होता.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी ती त्याचा फोन कायमचा बंद करायला बसली, तेवढ्यात निरोप आला. "टोळ, मेलास का? डाव टाक."

टोळ हे मुलाचं खेळातलं नाव. पाठवणारा वाघोबा. त्याला घरात कोणीच पाहिलं नव्हतं. मुलाच्याच वयाचा, रक्ताचा कसलासा आजार, अंथरुणातून फारसा उठत नाही, एवढंच माहीत होतं. "आई, साडेपाचचा आमचा डाव सोडला तर त्याच्याकडे दुसरं काही नाही गं," असं मुलगा म्हणायचा.

खरं लिहायला तिचा हात धजला नाही. तिने लिहिलं, "आहे." आणि पहिलाच डाव सपशेल हरली. मग एका वहीत पत्त्यांची नावं मोठ्या अक्षरांत उतरवून, रोज साडेपाचला हरत हरत ती शिकली.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," नवरा म्हणायचा.

"आजारी पोर आहे ते. जरा बरं होऊ दे."

मध्ये एकदा नऊ दिवस वाघोबा आलाच नाही. ती दर तासाला फोन उघडून बघायची. दहाव्या दिवशी निरोप आला, "तब्येत बरी नव्हती. आता ठीक आहे." तिने फोन कपाळाला लावला आणि मनसोक्त रडली.

तेव्हापासून मात्र औषधांनी त्याचं डोकं मंदावलं असावं. वाऱ्यासारखा खेळणारा पोरगा एकेका पत्त्याला दोन-दोन मिनिटं घेऊ लागला. त्याला जिंकू द्यावं म्हणून ती मुद्दाम चूक करी, तर तो तिच्याहून मोठी चूक करून बसे. हरणंसुद्धा कष्टाचं होऊन बसलं होतं. शिव्याही थांबल्या. डाव संपला की तो लिहायचा, "जेवलास का? स्वतःला जप." दुखण्याने पोर अकाली शहाणं झालं, असं वाटून तिला भरून येई.

स्पर्धा दोन वर्षांतून एकदा. हौशी गट, सोळा खेळाडू, आणि शेवटच्या चौघांना कॅमेरा सक्तीचा. दोन्ही पोरांचं जुनंच ठरलेलं होतं. "तू कासव आण, मी वणवा आणतो," वाघोबाने तेव्हा लिहिलं होतं. "तुझं थोबाड तरी दिसेल एकदा." गेल्या आठवड्यात त्याने पुन्हा विचारलं होतं, "ठरल्याप्रमाणे येणार ना?" तिने "हो" लिहिलं होतं.

"कॅमेरा लागल्यावर काय करशील?" हात धुऊन आलेल्या नवऱ्याने विचारलं.

"सांगेन. वर्षाहून जास्त फसवलंय मी त्याला. आता समोरासमोरच सांगेन."

"आणि त्याने हाय खाल्ली तर?"

हरण्याची तिला फिकीर नव्हती, भीती होती ती एवढीच. मुलाने दिलेला शब्द मोडवेना, म्हणून तिने तिसऱ्या जागी कासव भरलं.

रविवारी दुपारी पहिल्या दोन्ही फेऱ्यांत समोरच्यांनी तिच्या तगड्या डेकवर बंदी घातली. कासवाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि दोन्ही वेळा कासवानेच तारलं. पलीकडे वाघोबाही कसाबसा निसटला. एका फेरीत तर त्याचा प्रतिस्पर्धी आलाच नाही. उपांत्य फेरीत दोघांची गाठ पडली.

आधी बंदी, मग कॅमेरा. वाघोबाच्या यादीत वणवा होता. वणव्यापुढे कासवाचा टिकाव लागत नाही. शहाण्या माणसाने त्यावरच बंदी घातली असती. तिला करवेना. पोराची एवढीच तर हौस. तिने त्याच्या सगळ्यात निरुपद्रवी डेकवर बंदी घातली. क्षणभराने त्यानेही तिच्या सगळ्यात लेच्यापेच्या डेकवर घातली. कासवाला हात लावला नाही. गुणाचं पोर, ती मनात म्हणाली.

नवरा मागे येऊन उभा राहिला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. वाक्य तिने घोकून ठेवलं होतं. बाळा, घाबरू नकोस, मी त्याची आई. तिने बटण दाबलं.

आधी पडद्यावर ती दोघं दिसली. मग दुसरा अर्धा भाग उजळला.

पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ बसला होता. जाड भिंगाचा चष्मा, पुढ्यात मोठ्या अक्षरांनी भरलेली वही. त्याच्या मागे पलंग दिसत होता. ती त्यावर पोराला शोधू लागली, पण चादर ताणून घातलेली होती, एक सुरकुती नव्हती.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग तिच्या नवऱ्याकडे. मग तिच्या वहीकडे. त्याने हळूच चष्मा काढला.

"ताई," तो म्हणाला, "तुमचा कधी गेला?"