भुवईचा होकार

"बोलू नका गं पोरींनो, मासे ऐकतात. हो म्हणायचं तर भुवईनं म्हणा."

बाबांचा तो आवाज तेबोराच्या कानात अजून होता. किरिबातीच्या उथळ समुद्रातला, पहाटेच्या पाण्यासारखा हळू. होडीत पुढे ती, मागे बाबा, मधे इवलीशी रकेरा. गळ टाकू का, असं बाबा विचारायचे आणि दोघी बहिणी भुवया उचलायच्या. त्या बेटांवर सगळ्यांचीच ती रीत. होकाराला तिथं तोंड लागत नाही.

आज त्याच दोघी ऑस्ट्रेलियात, बंडाबर्गच्या बँकेत, नोरीनबाईंच्या टेबलासमोर बसल्या होत्या. नोरीनबाईंच्या हातात रकेराचं नवंकोरं ओळखपत्र होतं.

"फोटो तुझाच ना गं हा?" त्या हसल्या. "भूत दिसल्यासारखा चेहरा केलायस!"

फोटोत रकेराच्या भुवया कपाळावर चढलेल्या होत्या. तयार आहेस का, असं फोटो काढणाऱ्यानं विचारलं, हिनं आपल्या रीतीनं हो म्हटलं, आणि नेमका तेवढ्यात त्यानं बटण दाबलं. कार्ड टपालानं घरी आलं त्या दिवशी दोघी स्वयंपाकघरात पोट धरधरून हसल्या होत्या. "आता जो कोणी हे कार्ड बघेल त्याला तू जन्मभर हो म्हणत राहणार," तेबोरा म्हणाली होती.

कायम राहायचा परवाना झाला, कार्ड झालं, राहिलं होतं ते खातं. टुवूम्बाच्या वृद्धाश्रमात रकेराला काम मिळालं होतं, सोमवारी निघायचं होतं. आजवर टोमॅटोच्या शेतावरची तिची मजुरी तेबोराच्याच खात्यात जमा व्हायची. घर एक, चूल एक, खातंही एक. कुणाला कधी वेगळं सुचलंच नव्हतं.

टुवूम्बा डोंगरावर आहे. "आपल्या बेटावर माडापेक्षा उंच काही नाही, ताई. मला एकदा उंचावर राहून बघायचंय," असं रकेरा म्हणाली, तेव्हा तेबोरा नुसती कपड्यांच्या घड्या घालत राहिली होती.

"खातं दोघींच्या नावानं करा," आता ती म्हणाली. "मोठी बहीण आहे मी. तिचं सगळं मीच बघते."

"बघा की, नको कोण म्हणतंय? पण विचारायचं मला हिलाच लागतं." नोरीनबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "बोल गं रकेरा. खातं तुझ्या एकटीच्या नावानं हवंय का?"

रकेराच्या भुवया वर गेल्या. हळूच, पण पुऱ्या.

तेबोरानं पाहिलं. त्या अख्ख्या बँकेत तिच्याखेरीज ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

"अगं, दचकतेस काय अशी?" नोरीनबाई म्हणाल्या. "खातं उघडायचंय, दाढ नाही उपटायची. हवंय का एकटीचं?"

पुन्हा भुवया.

"लाजते ती," तेबोरा म्हणाली. "दोघींचंच लिहा."

रकेराला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. पण मोठी बहीण शेजारी असताना तिचा शब्द खोडायचा, तोही परक्या बाईसमोर, हे तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. तिला म्हणायचं होतं ते तिनं म्हटलं होतं. ती तेबोराकडे बघत राहिली. रागानं नव्हे. गळ टाकून झाल्यावर पाण्याकडे बघायची, तशी.

तेबोरानं नजर खिडकीबाहेर नेली. दोघींचं खातं म्हणजे दोर. पोर डोंगरावर गेली तरी दोराचं एक टोक आपल्या हातात. कधी काय घेतलं, कुठे गेली, जेवली की नाही, घरबसल्या कळेल. यात वाईट ते काय?

बाहेर ऊन होतं, उसाचा ट्रक चालला होता, आणि तिला एकदम धावपट्टीच्या कडेला बसून जाळं शिवणारे बाबा दिसले. ती पहिल्यांदा बेट सोडून निघाली तो दिवस. "जाऊ ना, बाबा?" तिनं विचारलं होतं. बाबांनी जाळ्यातून मान वर काढली आणि भुवया उचलल्या. हळूच, पण पुऱ्या. निरोप द्यायला आलेले परदेशी पाद्री नंतर हळहळले होते, म्हातारा पोरीशी एक शब्दसुद्धा बोलला नाही म्हणून. तेबोरानं मात्र ऐकलं होतं. त्या एका होकारावर तिनं इथली सगळी वर्षं काढली होती.

बाबांच्या हातातही तेव्हा दोर होताच की. जाळ्याचा.

"मग काय ठरलं?" नोरीनबाईंची बोटं कळफलकावर थांबली होती. "दोघींचं टाकू?"

तेबोरानं बहिणीच्या चुणीदार पोलक्याची खांद्यावरची सुरकुती हातानं सारखी केली. मग उगाच आणखी एकदा केली.

"नको, बाई. एकटीचं टाका. हो म्हणालीय ती."

"कधी?" नोरीनबाई रकेराकडे बघायला लागल्या, मग कार्डाकडे, मग पुन्हा रकेराकडे. "मला तर काही ऐकू आलं नाही."

"तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ना, तेव्हाच," तेबोरा म्हणाली. "मला ऐकू आलं होतं."