सकाळची गोळी

“गुठळी? आमच्या बाबांच्या हृदयात? शक्यच नाही.”

तिचा आवाज एवढा चढला, की शेजारच्या बाकावरची बाई पर्स उचलून दुसरीकडे जाऊन बसली. डॉक्टर हिरव्या कपड्यांतच बाहेर आले होते. अर्ध्या तासापूर्वी बाबांना आत नेलं होतं. मांडीतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची आणि गळक्या झडपेला चिमटा लावायचा, एवढं काम. पण त्याआधी घशातून दुसरी नळी घालून हृदय तपासलं, तेव्हा वरच्या डाव्या कप्प्याला लागून असलेल्या छोट्या पिशवीत रक्ताची गुठळी दिसली.

“आपली नळी त्याच कप्प्यातून जाते,” डॉक्टर म्हणाले. “धक्का लागून गुठळी सुटली, तर थेट मेंदूत जाऊ शकते. आज काहीच करता येणार नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चुकल्यात का?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून ती फाटकावरच्या रखवालदाराशी भांडली होती, बाबांचं वय चुकीचं लिहिणाऱ्या खिडकीवरच्या मुलीशी भांडली होती, बाबांना ‘आजोबा’ म्हणणाऱ्या नर्सलाही तिने सोडलं नव्हतं.

“बावीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी आहे मी. गिऱ्हाइकांच्या कानीकपाळी ओरडते, गोळी चुकवू नका म्हणून. आणि माझ्याच घरात चुकेल? डबा मी भरते, रिकामा झाला का तेही मीच बघते. आधी तुमचं मशीन तपासा.”

गोळ्यांवरूनच तर गेल्या महिन्यात तिने डॉक्टरांना गप्प केलं होतं. ते सांगत होते, ठोके अनियमित असले की गुठळ्या बहुतेक त्या पिशवीतच धरतात. झडपेसाठी आत जातोच आहोत, तर त्याच वाटेने पिशवीचं तोंडही बंद करू. सगळं नीट जमलं तर काही महिन्यांनी या गोळ्या थांबवता येतील. बाबा काहीतरी बोलायला पुढे सरकले होते. तेवढ्यात तिनेच उत्तर दिलं होतं. “एका कामाला आलोय, तेवढंच करा. उगाच शेपूट वाढवू नका. गोळ्यांचं मी बघते.”

आता तिने तक्रारीची वही मागितली.

“देतो,” डॉक्टर म्हणाले. “आधी आत चला. ते शुद्धीवर आलेत.”

बाबा पडद्याआड खाटेवर पडले होते. घसा सोलवटला होता, ओठ कोरडे पडले होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण खांदे अजून भरलेले. खिडक्यांच्या आणि आरशांच्या काचा कापण्यात त्यांचा जन्म गेला होता.

“बाबा, सांगा यांना. एक तरी गोळी चुकली का?”

बाबा छताकडे बघत राहिले.

“सांगा ना!”

“सकाळची घेत नाही मी.”

डॉक्टर एक पाऊल पुढे आले.

“संध्याकाळची घेतो,” बाबा त्यांना म्हणाले. “सकाळची डब्यातून काढतो, खिशात टाकतो आणि दुकानाजवळच्या गटारात सोडतो. आठ महिने झाले. दिवसभर हातात काच असते, साहेब. एकदा तळव्याला एवढंसं लागलं, तर दुपारभर रक्त थांबेना. गिऱ्हाइकाचा आरसा लाल झाला. नळाखाली हात धरून बसलो होतो. म्हटलं, काम दिवसा, तर गोळी रात्रीची पुरे.”

“वेड लागलंय का तुम्हाला?” ती किंचाळली. “अर्धी गोळी म्हणजे अर्धा जीव वाचतो, असं वाटलं का? लकवा मारला असता म्हणजे? कोणी उचललं असतं तुम्हाला? बास झालं. आजच्या आज दुकानाला कुलूप. किल्ली माझ्याकडे...”

“गप!”

त्या फाटक्या आवाजाने पलीकडच्या खाटेवरचा माणूसही दचकला. बाबांनी तिच्यावर आजवर कधी आवाज चढवला नव्हता. ते कोपरावर उठले होते. छाती भात्यासारखी हलत होती.

“साहेब, माझी चूक आहे. कबूल. पण ती पिशवी कोणाची होती? माझी. मी समोर बसलो होतो, आणि तुम्ही हिच्याकडे बघून विचारत होतात. मला विचारलं असतंत, तर मी तेव्हाच हो म्हणालो असतो. गोळ्या सुटतील म्हणून हो म्हणालो असतो.”

डॉक्टरांनी मान खाली घातली. “चुकलं माझं,” ते म्हणाले. मग खाटेच्या कडेला टेकून, बाबांच्याच डोळ्यांत बघून त्यांनी सांगितलं. सहा आठवडे दोन्ही वेळची गोळी. तोवर काचेला हात लावायचा नाही. मग पुन्हा तपासू. गुठळी विरघळली असेल, तर चिमटा आणि पिशवी, दोन्ही एकाच वेळी करू.

“करा,” बाबा म्हणाले. “कागद आणा. सही मी करीन. आणि दुकान सहा आठवडे बंद. ते मी ठेवतोय.”

डॉक्टर गेले. ती खाटेपाशी तशीच उभी राहिली.

“आठ महिने, बाबा! मी काय परकी होते? मला एका शब्दाने सांगता आलं नाही?”

पडद्यातून नर्सने डोकावून पाहिलं. बाबांनी तिला हातानेच, काही नाही, अशी खूण केली. नर्स जाईपर्यंत ते थांबले.

“सांगणार होतो गं,” ते म्हणाले. “रोज सकाळी ठरवायचो. पण जिन्यात तुझी पावलं वाजली, की भीती वाटायची.”